पहिली कुंडी

१४ ऑक्टोबर

प्रिय खोडरबर,

सोबतच्या खोक्यात कांदे नाहीत. हे आधी तुझ्या घरमालकीण काकूंना सांग, नाहीतर त्या दुपारीच चिरून मोकळ्या होतील. हे हायसिंथ या सुवासिक फुलाचे कंद आहेत, चार कुंड्या भरतील इतके. हातमोजे घालून हाताळ, नाहीतर संध्याकाळपर्यंत खाजवत बसशील.

आता मुद्द्याचं सांगते. तुला आडून आडून सांगितलं तर तू चार रात्री झोपणार नाहीस, म्हणून सरळच सांगते. उन्हाळ्यातल्या त्या तापानंतर माझं नाक गेलं. दिसायला जागेवर आहे, पण कामातून गेलं. परवा दूध करपून भांडं काळं झालं आणि मी शेजारच्या खोलीत आरामात वाचत होते. डॉक्टर म्हणतात, वास परत येईल किंवा येणारही नाही. एवढं तर मीही सांगू शकले असते.

कारखान्यात कुणाला हे ठाऊक नाही. साबणाच्या कारखान्यात वास जुळवणाऱ्या बाईलाच वास येत नाही म्हणजे तू ज्यांच्या दवाखान्यात कामाला आहेस त्या दातांच्या डॉक्टरांचे हात थरथरायला लागण्यासारखं आहे. आणि नेमका याच वर्षी मालकांना वसंतासाठी हायसिंथचा साबण हवाय. "बाटलीतल्या फुलाचा नको, कुंडीतल्या फुलाचा हवा," असं त्यांनी दोनदा बजावलंय. मी आठवणीवरून तीन मिश्रणं तयार करते आहे. त्यातलं कुठलं खऱ्या फुलाशी जुळतं, ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सांगायचं आहे. चुकले तर माझी खुर्ची गेली. आणि मला दुसरं काही येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

तुझं नाक मी घडवलंय. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, डोळ्यांना रुमाल बांधून, एकेक वास ओळखायला लावून. आता ते मला थोडे दिवस वापरायला दे.

तुझी,
आत्या


२२ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मी आधी रडले, मग स्वतःवर चिडले, कारण तू रडण्यासारखं काही लिहिलेलंच नाहीस. तू एकटी असताना दूध तापवू नकोस. किंवा तापव, पण समोर उभी राहा. वाचायचं पुस्तक स्वयंपाकघरात नेऊ नकोस, तू त्यात बुडतेस.

कंद लावले. टोकं मातीच्या वर ठेवली आहेत, कारण आपण घरी तशीच ठेवायचो. पण किती वर, ते नीट आठवेना, म्हणून दोनदा उपसून पुन्हा लावले. त्याने त्यांना काही होईल का? तीन कुंड्या काकूंच्या कोठीच्या खोलीत ठेवल्या आहेत. तिथे अंधार आहे आणि गारठा इतका की काकू तिला "आमचं स्वर्गद्वार" म्हणतात. चौथ्या कुंडीला जागा उरली नाही, ती खिडकीबाहेरच्या लाकडी पेटीत झाकून ठेवली आहे.

आता एक विचारते, रागावू नकोस. वास मी घ्यायचा आणि मालकांना सांगायचं ते तू घेतला म्हणून, हे खोटं नाही का? तूच मला शिकवलंस की दुसऱ्याचं गणित बघून लिहिलं तर उत्तर बरोबर आलं तरी ते चूकच. मी तेव्हा सात वर्षांची होते, आणि ते इतकं मनावर घेतलं की आजही दवाखान्यात कुणाचं पेन उसनं घेतलं तर लिहिताना हात अडखळतो.

मी वास घेईन. पण साबण बाजारात यायच्या आधी तू मालकांना खरं सांग. एवढी माझी अट.

लहानपणी पहिली उमललेली कुंडी तू नेहमी कुणाला तरी देऊन टाकायचीस, ते आठवतं का? कधी आजारी शेजाऱ्यांना, कधी आपल्या घरच्या डॉक्टरांना. पोहोचवायला मीच जायचे. तेव्हा मला फार वाईट वाटायचं. या वर्षी पहिली कुंडी मी कुणाला देणार नाही.

तुझी,
खोडरबर


३ नोव्हेंबर

प्रिय खोडरबर,

कंदांना काही झालेलं नाही. तुझ्या हाती पडल्यावर वर्षभर जमिनीत बसायची सवय सुटली तरी चालेल, दर आठवड्याला उपसून हवा खातील. आता मात्र हात लावू नकोस. डिसेंबरच्या वीस तारखेपर्यंत अंधार, गारवा आणि ओलसर माती, बस्स. पाणी घालताना "पुरे झालं का?" असं कुंडीला विचारत बसू नकोस, ती उत्तर देणार नाही.

अटीबद्दल मी विचार केला. म्हणजे केल्यासारखा केला. मालकांना काय सांगायचं आणि केव्हा, ते मी बघते. तू नाकाने कांदे सोलू नकोस, माझे कंद सांभाळ.

पहिली कुंडी द्यायची ही आपल्या घरची शिस्तच होती. माझ्या आईची, तिच्या आधी तिच्या आईची. चांगलं ते दुसऱ्याच्या दारात, उरलेलं आपल्या घरात. त्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? उरलेलीसुद्धा सुंदरच असायची. संध्याकाळी मी त्यांच्याजवळ दिवा लावून बसायचे. तो वास मी डोळे मिटून सांगू शकते, आत्तासुद्धा, या असल्या नाकाने. म्हणून तर मिश्रणाची मला काळजी नाही.

तुझी,
आत्या


२८ डिसेंबर

प्रिय आत्या,

एक वाईट गोष्ट सांगायची आहे. आधीच सांगते, पूर्ण सत्यानाश झालेला नाही, तीन चतुर्थांश झालाय.

ठरल्याप्रमाणे कुंड्या उजेडात आणायला मी कोठीत गेले. कोंब हिरवे होते, पाती छान होती, पण मधे कळीचा पत्ता नाही. आठवडाभर वाट पाहिली. मग एका कंदाला उभा छेद दिला. आतली कळी तपकिरी आणि वाळलेली, जुन्या शाईच्या डागासारखी. दुसऱ्या कुंडीतही तेच. तिसरीतही.

मी कोठीत उभी राहून चारी बाजूंना पाहिलं. कुंड्यांच्या वरच्या फळीवर काकूंची सफरचंदं. शरदात आणून ठेवलेली, पेट्या भरून. मी रोज तिथे जात होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, किती छान वास येतोय! तुझ्याच एका धड्यात होतं, मला आता शब्दन्‌शब्द आठवतंय. सफरचंद पिकताना हवेत जे सोडतं, त्याने शेजारच्या फुलाची कळी आतल्या आत मरते. धडा पाठ होता, पण मान वर करून फळीकडे बघणं राहून गेलं.

काकूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, माझ्या सफरचंदांना कुणी आजवर खुनी म्हटलं नव्हतं!" आणि मग बिचाऱ्या दिवसभर माझ्याशी फार गोड बोलत होत्या.

खिडकीबाहेरची चौथी कुंडी वाचली. तिला कळी आहे! तिच्यातल्या तीन कंदांपैकी दोघांना दिसतेय, तिसरा मागे आहे. पण घाबरून मी ती थोडी लवकर आत आणली असावी. कळी पात्यांच्या मुळाशीच दबून बसली आहे, वर येतच नाही. ही गेली तर तुझी खुर्ची माझ्यामुळे गेली. काय करू ते लगेच कळव.

तुझी,
खोडरबर


४ जानेवारी

प्रिय खोडरबर,

सफरचंदांचं राहू दे. मी तुला विचारायला हवं होतं की कोठीत आणखी काय काय आहे. दोघींनी अर्धा अर्धा दोष घेऊ आणि पुढे जाऊ.

आता नीट वाच. जाड कागदाचा शंकू कर, टोकाला बोटाएवढं भोक ठेव आणि कळीवर टोपीसारखा घाल. अंधारातून वरचा उजेड दिसला की ती मान वर काढते. दांडा वीतभर झाला की टोपी काढ. कुंडी शेकोटीजवळ नको, खिडकीजवळ थंड जागी ठेव. आणि दर तासाला टोपी उचलून बघायची नाही! मी तुला ओळखते.

या पार्सलात तीन बाटल्या आहेत, लाख लावून बंद केलेल्या. आकडे घातले आहेत. फूल उमललं की कागदाची पट्टी बुडवून जुळवून बघ. खरं सांगायचं तर माझं मत दोन नंबरकडे आहे. दोन म्हणजेच ते फूल, यात मला शंका नाही. तू नुसतं "दोन" असं लिहून पाठवलंस तरी माझं काम होईल. मालक रोज जिन्यात गाठून विचारतात, "आत्याबाई, झालं का?" मी म्हणते, "फूल घाई करत नाही." त्यांना ते फार आवडतं, त्यांनी वहीत लिहून घेतलंय म्हणे.

तुझी,
आत्या


२६ जानेवारी

प्रिय आत्या,

उमललं! परवा सकाळी एका दांड्यावरची खालची चार फुलं उघडली, आज निम्मा तुरा उघडलाय. निळा रंग. टोपी मी फक्त तीनदा उचलली. (पाचदा. पण दोनदा नुसती डोकावले.)

आता रुमाल बांधून वास ओळखायच्या तुझ्या नियमाने लिहिते. आधी नाव नाही, आधी आठवण.

पहिला श्वास: काकडीची साल काढताना हाताला लागतो तो ओला हिरवेपणा. पावसात उभ्या असलेल्या लोखंडी जाळीला नाक लावल्यासारखं थोडंसं गार. त्याच्या खाली गोडवा, पण अंग चोरून बसलेला. आणि सगळ्यात तळाशी लवंग. अगदी थोडी, कुणीतरी शेजारच्या खोलीत तोंडात धरल्यासारखी.

मग बाटल्या. एक: जास्त गोड. तीन: साबणाच्या साबणाचा वास, तुला कळेल मी काय म्हणते ते. दोन: सुंदर आहे आत्या, खरंच सुंदर, मधासारखं, जड, ऊबदार. पण ते हे फूल नाही.

तिघांपैकी एकही नाही.

मी सहा वेळा पाहिलं. दवाखान्यात दिवसभर लवंगेचं तेल असतं, म्हणून मला माझ्याच कपड्यांची शंका आली. सुट्टीच्या दिवशी केस धुऊन, नवे कपडे घालून, खिडकी उघडी टाकून पुन्हा पाहिलं. लवंग होतीच. तरी माझा भरवसा बसेना, म्हणून काकूंना काही न सांगता कुंडीजवळ बोलावलं. त्या वाकल्या आणि म्हणाल्या, "लवंग सांडलीस का गं इथे?"

तू "दोन" लिही म्हणालीस. मला लिहिता येत नाही. मला तुझी खुर्ची हवी आहे, पण चुकीच्या उत्तरावर ती किती दिवस टिकेल?

तुझी,
खोडरबर


३१ जानेवारी

चि. खोडरबर,

दवाखान्यातली लवंग आता काकूंच्या घरभर झाली असणार. त्यांच्याही नाकात तीच बसली.

हे फूल मी तुझ्या जन्माच्या आधीपासून ओळखते. संध्याकाळमागून संध्याकाळ त्याच्या शेजारी बसून काढल्या आहेत. मधासारखं, जड, ऊबदार, हे तुझेच शब्द ना? तेच ते फूल. तुला वर्णन करायला मी शिकवलं, फुलाची ओळखही मीच करून दिली आणि आता तू मलाच सांगतेस की मी ते ओळखत नाही.

मला उलटटपाली एक आकडा हवाय.

आत्या


६ फेब्रुवारी

प्रिय आत्या, आणि माननीय मालक,

हे पत्र तुम्हां दोघांच्या नावे आहे. पाठवते आहे ते फक्त आत्याच्या पत्त्यावर. ते पुढे दाखवायचं की नाही, हे तिने ठरवायचं. पण माझं उत्तर एकच आहे, आणि ते एका माणसासाठी एक, दुसऱ्यासाठी दुसरं असं मला लिहिता येणार नाही.

आत्या, तुझं पत्र आलं तेव्हा मी तीन दिवस उत्तर लिहिलं नाही. घाबरले होते. पण त्या तीन दिवसांत कुंडीतलं फूल थांबलं नव्हतं. तुरा वरपर्यंत उघडला, खालच्या फुलांच्या कडा पातळ झाल्या, जरा पारदर्शक. आज संध्याकाळी दवाखान्यातून आले, दिवा लावला आणि दारातच थबकले. खोली मधाने भरली होती. काकडी गेली, जाळी गेली, लवंग गेली. मी दोन नंबरची पट्टी नाकाशी धरली, मग फूल, मग पट्टी. डोळे मिटले तर कुठलं काय ते मला सांगता येईना.

तुझी आठवण शंभर टक्के बरोबर आहे. फक्त ती उतरतीला लागलेल्या फुलाची आहे. कारण ताजं फूल तुझ्याजवळ कधी राहिलंच नाही. कळी उघडली की तू कुंडी कागदात गुंडाळायचीस आणि माझ्या हातात द्यायचीस. "श्वास सोडू नकोस त्याच्यावर," म्हणायचीस. ताज्या फुलाचा वास रस्ताभर मला यायचा. तुझ्यासाठी उरायच्या त्या उशिरा आत आणलेल्या, कोपऱ्यातल्या, कामं संपल्यावर संध्याकाळी कधीतरी लक्ष जाईल अशा कुंड्या. तोवर त्यांचा मध झालेला असायचा.

माननीय मालक, कुंडीतलं ताजं फूल हवं असेल, तर दोन नंबरमधला गोडवा निम्मा करावा लागेल, वर ओला हिरवा वास आणि तळाशी लवंगेचा अंश घालावा लागेल. ते कसं करायचं ते मला येत नाही. ते आत्यालाच येतं, आणि त्यासाठी तिला वास यावा लागत नाही. कशात काय मिसळलं की काय होतं, हे तिच्या डोक्यात आहे. वास मी घेतला आहे. तिचं नाक उन्हाळ्यापासून काम करत नाही. हे मी लिहायला नको होतं असं वाटत असेल, तर दोष माझा आहे, तिचा नाही.

आपली,
खोडरबर


१३ फेब्रुवारी

चि. खोडरबर यांस,

तुमच्या आत्याबाईंनी काल तुमचं पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत न बसता उभ्याच राहिल्या. मी वाचून होईपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या, गेल्या वर्षीचं.

मी त्यांना सांगितलं तेच तुम्हांलाही सांगतो. मला ऑगस्टपासून माहीत आहे. गेली कित्येक वर्षं मी सिगारेट ओढून आलो की या बाई मला त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावरच अडवत. "तोंड धुऊन या, माझ्या बाटल्या नासतील." ऑगस्टमध्ये एक दिवस विसरून मी थेट आत गेलो, त्यांच्या टेबलापाशी उभा राहिलो, आणि त्या म्हणाल्या, "बसा ना." धुराचा वास त्यांना आलाच नव्हता. घरी गेलो आणि बायकोला म्हणालो, आत्याबाईंना काहीतरी झालंय.

विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला असता. त्या स्वतःहून सांगतील म्हणून थांबलो. मीही भित्राच म्हणायचा.

साबण त्याच करणार. वास घ्यायला त्यांना दुसरं नाक लागेल, आणि कारखान्यातली बाकीची नाकं माझ्यासारखीच आहेत. तेव्हा एक काम करा. कुंडीत अजून एखादं फूल उमलायचं असेल तर ते घेऊन या. दाताच्या डॉक्टरांकडून चार दिवसांची सुट्टी मागा. नाही म्हणाले तर मी त्यांना साबण पाठवतो.

तुमचा,
आत्याबाईंचा मालक (त्या मला तसं मानत नाहीत)


२७ फेब्रुवारी

प्रिय खोडरबर,

चार दिवस राहून तू गाडीत बसलीस आणि मी घरी आले, तेव्हापासून हे पत्र मनात लिहिते आहे. तुझ्यासारखंच मीही खोडून खोडून.

तू इथे असताना हुंगून जुळवून दिलेलं चौथं मिश्रण आज पक्कं झालं. मालकांनी पट्टी हुंगून "लवंग आहे का हो यात?" असं विचारलं, म्हणजे माणसाच्या नाकात अजून काही जीव शिल्लक आहे. दोन नंबरही ते ठेवणार आहेत, दुसऱ्या साबणासाठी. "संध्याकाळ" असं नाव ठेवूया म्हणतात. मला आवडलं. पुढच्या हिवाळ्यात कंद कारखान्यातर्फे येतील तुझ्याकडे, आणि काकूंच्या सफरचंदांची रवानगी माडीवर. हे मालकांनी लेखी दिलंय.

एकतीस जानेवारीचं माझं पत्र फाडून टाक. नाही म्हणजे, तू फाडणार नाहीस, जपून ठेवशील आणि मी तुझ्यावर ओरडले हे म्हातारपणी सांगशील. सांग. तेव्हा हेही सांग की तुझं बरोबर होतं.

आता कुंडीचं. तू आणलेला तो मागे राहिलेला तिसरा कंद, ज्याची खालची चार फुलं तू इथे असतानाच उघडली होती, काल सकाळी निम्मा उमलला, तुझ्या हिशेबाप्रमाणे अगदी वेळेवर. दुपारपर्यंत मालकांनी ती आपल्या टेबलावर ठेवायला मागितली. माझ्या घराच्या खालच्या मजल्यावरची शिक्षिका आजारी आहे, तिची बहीण दारात उभी राहून म्हणाली, "काय सुरेख आहे हो!" आणि थोडा वेळ थांबून राहिली. माझ्या हाताने आपोआप कागद शोधायला सुरुवात केली होती. सवयीचे हात.

मग मी कागद परत ठेवला आणि म्हणाले, "नाही हो. ही माझी आहे." तिला फार नवल वाटलं. मला जास्त.

आज सकाळी खिडकीशी बसून फुलाजवळ नाक नेलं. काही नाही. काकडी नाही, जाळी नाही, लवंग नाही. नुसतं गार लागलं नाकाला, पाकळ्यांचं. पण नियम तर मीच केला होता, म्हणून पाळला. आधी नाव नाही, आधी आठवण. डोळे मिटले, तर दिसलं की सात वर्षांची तू कागदात गुंडाळलेली कुंडी दोन्ही हातांत धरून, फुलावर श्वास पडू नये म्हणून हनुवटी वर करून, नाक लाल झालेलं, बर्फातून चालली आहेस. कुणाच्या तरी दाराकडे.

या वेळी तू माझ्या दाराशी आलीस.

तुझी,
आत्या